बिमाराला नवा तांदूळ

पुन्हा नाकातून नळी घातली तर मी रेडिएशनचा शेक घ्यायला येणारच नाही, असं माझ्या नवऱ्यानं नागपूरच्या डॉक्टरांना तोंडावर सांगून टाकलं. गालाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर जीभ वळत नव्हती, अर्धे शब्द आतच राहत होते, पण तेवढं वाक्य डॉक्टरांना बरोबर कळलं. ते रागावले नाहीत. त्यांनी वजनाच्या काट्याकडे बोट दाखवलं. आज सत्तेचाळीस किलो भरलेत, म्हणाले. पंधरा दिवसांनी शेक सुरू करायचा. त्या दिवशी सत्तेचाळीसच्या खाली उतरले तर आधी नळी, मग शेक, कारण रिकाम्या अंगाला तो झेपत नाही. आणि शेक घेतलाच नाही तर गाठ परत येईल, मग आमच्या हातात फारसं काही उरणार नाही. हे शेवटचं ते माझ्याकडे बघून बोलले.

ऑपरेशननंतर काही दिवस ह्यांच्या नाकात नळी होतीच. त्या दिवसांत हे कोणाशी नजर मिळवत नव्हते. बैलाला वेसण घालतात तशी मला घातली, असं पाटीवर लिहून दाखवलं होतं. त्यामुळे हे नुसतं धमकी देत नाहीत, हे मला ठाऊक होतं. तीस वर्षांचा संसार आहे, ह्यांचा 'नाही' कोणत्या जातीचा आहे ते मला ओळखू येतं. तंबाखूचा खर्रा सोड म्हणून मी अख्खं तारुण्य ओरडण्यात घालवलं, तेव्हाही हाच 'नाही' होता.

म्हणजे सगळं येऊन पडलं माझ्या शेगडीवर.

दवाखान्यात आहार समजावून सांगणारी एक ताई होती. तिनं सांगितलं की अन्न मऊ हवं, एकसारखं हवं, तोंडात विखुरता कामा नये. घास धरून राहिला पाहिजे. पाण्यासारखं पातळ दिलं तर ते श्वासनळीत उतरेल. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, पोरी, मी शाळेत खिचडी शिजवते, गावातली अर्धी लेकरं माझ्या हातचं खाऊन मोठी झाली, मला काय शिकवतेस. आता हसू येतं. तेव्हा मात्र मी तिचं निम्मंच ऐकलं होतं.

घरी आल्या आल्या मी डब्यातला सगळ्यात चांगला तांदूळ काढला. आमचं तुमसर तांदळाचं गाव, हे तर राईस मिलमध्ये मशीनवर. आमच्या घरात भात कसा असावा यावर जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावर झाली नसतील. भात मोकळा पाहिजे, शीत शिताला चिकटता कामा नये, म्हणून तांदूळ जुनाच पाहिजे, निदान एक पावसाळा खाल्लेला. नव्या तांदळाचा भात गिचका होतो, तो पाहुण्याला कोणी वाढत नाही. आणि बिमाराला तर नाहीच नाही, तो पोटाला जड, हे आमच्याकडे अंगणात खेळणाऱ्या पोरीलाही माहीत. तेव्हा जुना, बारीक, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला तांदूळ मी ह्यांच्यासाठी काढला. वर तो भाजून घेतला, म्हणजे आणखी हलका. सासू बघत होती, तिनं मान डोलावली. आम्हा दोघींचं एकमत व्हावं अशी ती वर्षातली पहिलीच वेळ असेल.

पहिल्या घासालाच ठसका लागला. साधा नाही, डोळे बाहेर येतील असा. भात गालाच्या शिवणीपाशी जाऊन बसला, एक एक शीत वेगळं, जिभेला ते गोळा करता येईना. हे बोट घालून काढत होते आणि मी पाठ चोळत होते. शेवटी थाळी पुढे सरकवून दिली.

मग मी तोच भात मिक्सरमधून काढला. त्याची झाली खळ, पतंग चिकटवावा अशी. ती टाळूला चिकटून बसली. मग पाणी घातलं, तर पेज झाली, आणि पेज घेताना तर ठसका असा लागला की मी बाहेर जाऊन शेजारणीला हाक मारली. ज्याला त्याला विचारलं. नणंद फोनवर म्हणाली साबुदाणा दे, भाऊ म्हणाला फळांचा रस दे, शेजारीण म्हणाली बाजारातून डब्याची पावडर आण. रस आंबट, त्यानं तोंड असं जळलं की ह्यांनी पेला भिंतीवर मारला. मीही काही कमी नाही. मी पण पळी आपटली आणि म्हटलं की मग मरा उपाशी. म्हटलं आणि स्वयंपाकघरात येऊन पदर तोंडात कोंबून रडले, कारण त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं, माणूस खरोखर उपाशी मरत होता, भरल्या घरात, तांदळाच्या कोठीला टेकून.

घरी काटा नव्हता. वजन किती उतरलं ते कळायला मार्ग नव्हता. मी ह्यांच्या मनगटाकडे बघायची. घड्याळाचा पट्टा आता शेवटच्या भोकातही सैल होत होता. झोपले की गळ्याखालची हाडं अशी वर यायची की मी चादर तिथपर्यंत ओढून द्यायची, म्हणजे सासूला दिसू नयेत. ती माझ्या आधी बघून गेलेली असायची.

असा पहिला आठवडा गेला. मग लाखनीकडून माझा भाऊ आला. धान कापून, मळून झालं होतं, पहिलीच भरडाई केली होती, दरवर्षीसारखं नव्या तांदळाचं पोतं बहिणीकडे घेऊन आला. ते मी कोपऱ्यात लावलं. पुढचा पावसाळा जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असाच रिवाज. पण त्या दुपारी मला स्वतःसाठी वेगळं काही करायचं त्राण नव्हतं. जुना तांदूळ ह्यांच्यासाठी राखायचा होता. म्हटलं आपल्याला कोण बघतं, आणि त्या पोत्यातली ओंजळभर कणी पातेल्यात टाकली, मूठभर मुगाची डाळ टाकली आणि शेगडी बारीक करून तिथेच भिंतीला टेकून डोळे मिटले.

डोळा लागला असावा. जाग आली ती वासानं. नव्या तांदळाचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, अख्खं घर भरून जातं. पातेल्यात सगळं मिळून आलं होतं, डाळ कुठली आणि तांदूळ कुठला ते सांगता येऊ नये असं. आमच्या हिशेबानं पार बिघडलेला भात. मी तो ताटलीत घेतला, वर तूप सोडलं, आणि मान वर केली तर हे दारात उभे. आठवडाभर खाटेवरून उठून स्वयंपाकघरात आले नव्हते. खाली बसले, माझ्या हातातला चमचा घेतला आणि माझ्याच ताटलीतून खाल्लं.

मी पाठ चोळायला हात पुढे केला. ठसका आला नाही. दुसरा चमचा. तो घास तोंडात तसाच एकत्र राहिला, विखुरला नाही, चिकटला नाही, जिभेनं मागे ढकलला आणि उतरला. गळ्याची घाटी खाली-वर झाली ती मी पाहिली. तिसरा, चौथा. तेव्हा त्या ताईचं ते वाक्य मला आठवलं, घास धरून राहिला पाहिजे. अगं बाई, ती हेच तर सांगत होती! जो भात आम्ही गिचका म्हणून नाक मुरडतो, तोच.

एवढ्यात सासू आली. तिनं पोत्याचं उघडं तोंड पाहिलं, ताटली पाहिली, आणि माझ्या अंगावर आली.

"काहून वं, बिमार माणसाले नवा तांदूर चारून राहिली? त्याचं पोट बिघडलं तं काय करशील? माह्या लेकाले काही झालं तं तुह्या माथी."

मी तिला उलट बोलायला नेहमी तयार असते. त्या वेळी बोलले नाही, कारण ती म्हणाली ते मलाही वाटतच होतं. पोट सुटलं असतं तर उरलंसुरलं वजन एका दिवसात गेलं असतं. म्हणजे नळी. म्हणजे हे शेक घेणार नाहीत. म्हणजे पुढचं सगळं. एकीकडे घशाखाली उतरणारा घास आणि दुसरीकडे अख्ख्या मुलखाचं म्हणणं, आणि मध्ये मी, हातात रिकामी ताटली घेऊन. संध्याकाळपर्यंत मी ह्यांच्या पोटाकडे कान लावून होते. हे संडासला गेले की मी बाहेर उभी. कशी उभी राहिले ते माझं मला ठाऊक. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा नवा तांदूळ चढवला, या वेळी सासूच्या समोर.

तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. ते एक बरं झालं, मला शेगडीपाशी शांतपणे विचार करता आला.

कोणाच्या घरी असं माणूस असेल तर त्यांच्यासाठी सांगून ठेवते. तांदूळ भाजू नका, भाजला की त्याचा चिकटपणा जातो. शिजल्यावर मिक्सरमध्ये घालू नका, खळ होते. काय भरडायचं ते कोरडं असतानाच भरडा, रव्याएवढं, आणि मग अर्धा तास भिजवा. डाळ मुगाचीच, तीही साल काढलेली. आमच्या घरी लाखोळीच्या डाळीशिवाय पान हलत नाही, पण ती शिजून पुरती विरघळत नाही, दाणा राहतोच. पाणी एकदाच भरपूर घाला आणि आंच बारीक ठेवा. पेज अजिबात काढायची नाही. आमच्याकडे भात पसवून पेज शेजारच्या गाईच्या घमेल्यात ओततात. मी वर्षानुवर्षं ओतली, आणि माझ्या माणसाला पाहिजे होतं ते सगळं त्या घमेल्यात जात होतं. गाय मात्र काय तुकतुकीत होती!

फोडणी वर ओतायची नाही, मोहरीचा एक दाणा शिवणीत अडकला तर तासभर छळतो. तुपात जिरं तडतडवा आणि ते तूप गाळून घाला. लसूण तळू नका, खिचडीतच शिजू द्या, रवीनं घोटलं की दिसतही नाही. अंडं घालायचं तर पातेलं खाली उतरवून, फेटून, एका हातानं ओतत आणि दुसऱ्या हातानं जोरात ढवळत, नाहीतर गुठळ्या होतात. मीठ सगळ्यात शेवटी आणि निम्मं. नेहमीचं मीठ जखमेला झोंबतं, ते आपल्या जिभेला कळत नाही, म्हणून आपल्या चवीवर जाऊ नका. मी चवीवर गेले आणि एक अख्खी वाटी वाया घालवली. गरमपणा मनगटावर थेंब टाकून बघा, तान्ह्या बाळाचं दूध बघतात तसा. पळीतून पडताना धार नको, गोळाही नको, पळीच्या काठावर क्षणभर थांबून मग पडलं पाहिजे. आणि निवलं की ते घट्ट होत जातं, म्हणून गरम पाणी शेजारी ठेवा. ताट वाढू नका. भरलेलं ताट बघून बिमार माणूस आधीच हरतो. लहान वाटी द्या, दोन-दोन तासांनी द्या, आणि त्याच्यासमोर बसून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नका. हे शेवटचं मला अजिबात जमलं नाही.

कारण मी बघतच होते. प्रत्येक घासाला माझी मूठ आवळायची. हे खात होते, पण चेहऱ्यावर काही नाही. बरं वाटतं का, तर खांदे उडवायचे. चव लागते का, तर हात झटकायचे. एकदा तर अर्धी वाटी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माणसाला जगायचं असेल तर त्यानं तसं दिसावं तरी, इथे मी एकटीच मरमर करतेय आणि हे जसे काही माझ्यावर उपकार म्हणून गिळताहेत. मी ते मोठ्यानं बोलले. हे हलले नाहीत.

पंधरावा दिवस आला. सकाळी सासूनं डबा माझ्या हातात दिला. तो तिनं भरला होता, नव्या तांदळाचाच, फडक्यात गुंडाळून, गरम. ह्यांना मी अंघोळ घालते, कपडे घालते, पण त्या दिवशी म्हणाले की शर्टावरची बंडी मी घालतो, तू बाहेर जा. मला बरं वाटलं. वाटलं, अंगात थोडी शक्ती आली.

भंडाऱ्यावरून नागपूरला बस गेली तशी मी ह्यांच्याकडे पुन्हा पुन्हा बघू लागले. ह्यांचे खांदे कपड्यांतून दिसत होते तसेच दिसत होते. वाढलं असेल असं मला वाटत नव्हतं. टिकलं असेल का, एवढंच. दवाखान्यात आमचा नंबर आला, सिस्टरनं चपला काढायला लावल्या, आणि हे काट्यावर चढले.

आकडा आला एकोणपन्नास.

सिस्टर म्हणाली, वा काका, आणि लिहायला वाकली. मी टेबल धरलं. दोन किलो! माझ्या हातानं! मी त्या आनंदात ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत नव्हते. नजर समोरच्या भिंतीवर होती आणि उजवा हात बंडीवर दाबलेला होता, बरोबर तिथे जिथे आतला खिसा असतो. बंडी एका बाजूनं खाली ओढल्यासारखी लोंबत होती.

मला कळलं. खरं सांगते, गप्पच राहावं असं वाटलं. एकोणपन्नास मलाही पाहिजे होते. सिस्टरचा पेन चालत होता. कागदावर ते गेलं की नळी नाही, शेक सुरू, आम्ही घरी. कोणाला कळणार होतं? पण रिकाम्या अंगाला शेक झेपत नाही, हे डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानात होतं. अंग खरंच रिकामं असेल आणि कागदावर भरलेलं, तर शेक कोणाला बसणार, कागदाला की ह्यांना?

"बंडी काढा," मी म्हटलं.

हे हलले नाहीत. मीच पुढे होऊन खिशात हात घातला. ह्यांच्या घरच्या औजारपेटीतले, मिलमधल्या मशीनचे मोठे लोखंडी नट होते, रुमालात बांधलेले, एकमेकांवर वाजू नयेत म्हणून. मी ती पुरचुंडी टेबलावर ठेवली. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली, मग ह्यांच्याकडे, आणि तिनं लिहिलेला आकडा खोडला. ह्यांना पुन्हा काट्यावर उभं केलं. या वेळी मी आकड्याकडे बघितलंच नाही. मी ह्यांच्या पायांकडे बघत होते.

"सत्तेचाळीस आणि वर थोडंसं," सिस्टर म्हणाली.

उतरलं नव्हतं. डॉक्टरांनी कागद पाहिला, नळी नको म्हणाले, जे देता तेच देत राहा, सोमवारपासून शेक. नटांचं त्यांना सिस्टरनं सांगितलं की नाही ते मला माहीत नाही.

बाहेर बाकावर बसलो. मला हसायला पाहिजे होतं आणि माझ्या डोक्यात नुसता राग होता. पंधरा दिवस मी त्या शेगडीला चिकटून होते, सासूचे बोल खाल्ले, पोट बिघडेल या धाकानं डोळ्याला डोळा लागू दिला नाही, आणि ह्यांनी माझ्या खिचडीवर भरवसा ठेवायचा सोडून खिशात लोखंड घातलं! हे सगळं मी बोलले. आजूबाजूला माणसं होती, तरी बोलले. तुम्हाला जगायचं आहे की नाही, ते एकदा सांगून टाका, असंही बोलले.

हे हातांकडे बघत होते. मग बोलले, तुटक, पण मला त्यातला शब्द न शब्द कळला.

"मले भेव लागते."

तीस वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून मी हा शब्द ऐकला नव्हता. मशीनमध्ये बोट गेलं तेव्हा नाही, ऑपरेशनला आत नेलं तेव्हा नाही. मी ज्याला अडेलपणा म्हणत होते, भिंतीकडे तोंड करून झोपणं म्हणत होते, ते हे होतं. माझा राग कुठे गेला कोण जाणे.

"मलेबी लागते," मी म्हटलं.

खायची वेळ झाली होती. मी डबा उघडला, थर्मासमधलं गरम पाणी घालून खिचडी सैल केली, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि चमचा पुढे केला. ह्यांनी तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं.